पेटी वाजवणाऱ्या काकू, पियानो आणि थांबून राहणारं अ‍ॅप

गेल्या जूनमध्ये आमच्याच बिल्डिंगमधल्या एक काकू माझ्याकडे आल्या, वय ६१, बँकेतून रिटायर झालेल्या, आणि म्हणाल्या, "अगं, मला पियानो शिकायचाय, पण रोज तुझ्याकडे यायला काही जमणार नाही, फोनवर ते अ‍ॅप असतं ना, आपण वाजवू तसं पुढे सरकणारं, ते घेतलंय मुलाने, तू फक्त आठवड्यातून एकदा बघ." मी डोंबिवलीत घरीच कीबोर्ड आणि पियानो शिकवते, बहुतेक मुलं ग्रेड एक्झामवाली, त्यामुळे असा विद्यार्थी मला नवीनच होता. त्यात काकू अगदी कोऱ्या नव्हत्या, भजनी मंडळात वीसेक वर्षं पेटी वाजवतायत, सूर पक्का आहे, ताल कळतो. तेव्हा मला वाटलं की दोन महिन्यात दोन्ही हातांनी एखादा छोटा पीस सहज होईल. ऑक्टोबर उजाडला. मधे काय काय झालं ते नीट लिहून ठेवतेय, कारण असे पेटीकडून पियानोकडे येणारे आणि अ‍ॅपवर प्रॅक्टिस करणारे लोक आता बरेच दिसतात आणि त्यांना नेमकं कुठे अडतं हे मला काकूंमुळे समजलं.

सामान साधंच होतं. ६१ पट्ट्यांचा टच सेन्सिटिव्ह कीबोर्ड, स्टँड, आणि समोर टॅबलेट. पहिल्या आठवड्यात अ‍ॅप टॅबलेटच्या माइकवरून ऐकत होतं आणि तिथेच काकू वैतागल्या. वरती पंखा, आत कुकरच्या शिट्ट्या, आणि अ‍ॅप स्वतःच जी बॅकग्राउंडची साथ वाजवतं ती पण त्याच माइकमधून परत आत जाते. शिवाय पियानोचा कुठलाही एक सूर म्हणजे एकच फ्रीक्वेन्सी नसते, ४४० हर्ट्झचा सूर वाजवला की त्यात ८८० आणि त्याच्या वरच्याही असतात, त्यामुळे डाव्या हाताचा खालचा सूर वाजला की सॉफ्टवेअरला कधी कधी तो एक सप्तक वरचा वाटतो, आणि दोन्ही हात एकत्र आले की गोंधळ आणखी वाढतो. मी प्रिंटरला असते तशी चौकोनी टोकाची यूएसबी वायर आणि ती टॅबलेटला जोडायला एक ओटीजी कनेक्टर आणायला सांगितलं. वायरने जोडलं की ऐकण्याचा प्रश्नच उरत नाही, कीबोर्ड थेट मिडीचा मेसेज पाठवतो की अमुक नंबरची पट्टी इतक्या जोरात दाबली. मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ते १९८३ पासूनचं स्टँडर्ड, त्यात कीबोर्डच्या मधला सी म्हणजे ६०, त्याच्या पुढची काळी ६१, असं सरळ मोजत जायचं. वायर लावल्यावर अ‍ॅप चुकीचं लाल दाखवायचं एकदम बंद झालं. नवीन कोणी मला विचारलं तर मी पहिली वायरच घ्यायला सांगते, आणि ब्लूटूथ स्पीकर लावू नका म्हणते, त्यात आवाज उशिरा येतो आणि बिचारा शिकणारा आपल्यालाच लय नाही असं समजून बसतो.

मग अ‍ॅपची खरी मजा सुरू झाली. त्यात वेट मोड असतो, म्हणजे स्क्रीनवर नोटेशन, त्यावर एक उभी रेघ, योग्य पट्टी दाबली की रेघ पुढे जाते, नाही दाबली तर तिथेच थांबते, तुम्ही पाच सेकंद घ्या नाहीतर पाच मिनिटं घ्या. काकूंना हे प्रचंड आवडलं आणि मला पण आवडलं होतं, खरं सांगते. क्लासमध्ये समोर माणूस बसलेला असला की मोठ्या वयाच्या माणसाला चुकायचा संकोच वाटतो, हात आखडतात, आणि इथे कोणी बघत नाही, कोणी उसासा सोडत नाही. त्या रोज दुपारी चहाच्या आधी पाऊण तास बसायच्या. कुठल्याच मुलाने माझ्याकडे इतकी नियमित प्रॅक्टिस केलेली नाही. पीस घेतला होता ‘जी मेजर’ स्केलमधला एक छोटा मिन्युएट, म्हणजे जुन्या युरोपियन नाचाची धून, तीन-चारच्या लयीतला, नवशिक्यांना जगभर देतात तसला, आणि त्याचे पहिले १६ बारच (बार म्हणजे आपल्या आवर्तनासारखा छोटा कप्पा) करायचे ठरले.

जुलैच्या शेवटी काकूंचा मेसेज आला, शंभर टक्के स्कोअर, सगळे तारे मिळाले. मी खूश होऊन गेले, म्हटलं वाजवा. त्यांनी वाजवला, एकही सूर चुकला नाही, आणि तरी तो मिन्युएट नव्हताच. मी फोनवर रेकॉर्ड करून वेळ बघितली. १६ बार, प्रत्येकी ३ बीट्स, म्हणजे ४८ बीट्स, मिनिटाला ६० च्या अगदी निवांत लयीत ४८ सेकंदात व्हायला हवं. काकूंना एक मिनिट पन्नास सेकंद लागली. आणि सावकाश वाजवला म्हणून नाही, सावकाश वाजवण्यात वाईट काहीच नाही, प्रत्येक बीट वेगवेगळ्या लांबीचा होता. सोप्या जागी पटकन, अवघड जागी थांबून, पट्टी शोधून, मग पुढे. ज्या बाईंनी वीस वर्षं भजनात ठेक्याबरोबर पेटी वाजवलीय, ज्यांची बोटं झोपेतही समेवर येतील, त्यांची लय पियानोवर बसल्यावर गेली कुठे? मला त्या रात्री हा प्रश्न काही सोडेना.

उत्तर काकूंमध्ये नव्हतं, मोडमध्ये होतं. वेट मोड थांबतो, आणि थांबणं म्हणजे साथ करणं नाही. भजनात पेटीवाला काय करतो? गाणारा जरा रेंगाळला तर पेटी त्याच्या मागे रेंगाळते, पुढे सरकला तर सरकते, शब्द विसरला तर पेटी सूर धरून ठेवते पण ठेका चालूच असतो आणि सगळे समेला भेटतात. म्हणजे साथ करणाऱ्याच्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी चालतात, गाणारा कुठे आहे आणि कुठल्या वेगाने चाललाय. वेट मोडला फक्त पहिली गोष्ट माहीत असते. त्याच्यासाठी वेळ ही चीजच अस्तित्वात नाही, एकामागून एक बरोबर पट्ट्या आल्या की झालं. काकूंनी दीड महिना रोज पाऊण तास हीच प्रॅक्टिस केली होती, की अडलं की थांबायचं, पट्टी शोधायची, मग पुढे जायचं, आणि ती सवय अगदी पक्की झाली होती, कारण सवय अशीच लागते.

यातलं दुःख हे आहे की ज्यांनी हे तंत्र शोधलं त्यांनी साथ करणारंच सॉफ्टवेअर शोधलं होतं, थांबणारं नाही. १९८४ साली पॅरिसला कॉम्प्युटर म्युझिकची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे रॉजर डॅननबर्ग आणि एमआयटीचे बॅरी व्हर्को या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली, वाजवणाऱ्याच्या मागोमाग कॉम्प्युटर स्वरलिपीत आपली जागा शोधत जातो आणि साथ वाजवतो. डॅननबर्गच्या पद्धतीत सॉफ्टवेअर वाजवलेले सूर आणि लिहिलेले सूर जुळवून बघतं, एखादा सूर चुकला, जास्तीचा आला, राहून गेला तरी एकूण सगळ्यात चांगली जुळणी कुठली ते काढतं, आणि जुळलेल्या सुरांमधल्या वेळेवरून तुमचा वेग ओळखून साथ त्या वेगाने नेतं. म्हणजे एक सूर सुटला तरी गाडी थांबत नाही. पुढे कार्नेगी मेलनमध्येच पियानो ट्यूटर नावाचा प्रकल्प झाला, खास नवशिक्यांसाठी, त्यात हेच तंत्र वापरून विद्यार्थ्याने काय वाजवलं ते ऐकायचं, चूक कसली आहे ते ठरवायचं आणि त्याप्रमाणे पुढचा धडा द्यायचा अशी योजना होती. इतक्या वर्षांपूर्वी लोकांनी इतका बारीक विचार केलेला आहे, आणि आपल्या हातात जे आलं त्यात बहुतेक वेळा एक थांबणारी रेघ आणि तारे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता एक वेगळीच अडचण सांगते जी फक्त पेटीवाल्यांकडे, भजनवाल्यांकडे बघायला मिळेल. काकू चुकल्या की ओळीच्या सुरुवातीला जायच्या. भजनात तसंच असतं, चुकलं तर मुखड्यावर ये आणि परत धर. अ‍ॅपची रेघ मात्र अडलेल्या जागीच उभी, ती काही मागे येत नाही. काकू बार पाचपासून अगदी बरोबर वाजवतायत आणि रेघ सातव्या बारवर लाल लाल दाखवतेय. त्या मला म्हणाल्या, "अगं, मी नीट वाजवतेय गं, हे ऐकतच नाही माझं." आणि त्यांचं शंभर टक्के खरं होतं. मागे जाणं, परत वाजवणं, एखादी ओळ सोडून पुढे उडी मारणं, प्रॅक्टिस करणारा प्रत्येक माणूस हे करतो, पण आपली रेघ असं धरून चालते की वाजवणारा पुढेच जाणार. संशोधनात यावर काम झालंय, जपानमध्ये सागायामा यांच्या ग्रुपने असं ऑटोमॅटिक साथीचं सॉफ्टवेअर केलं की माणूस स्वरलिपीत कुठूनही कुठेही उडी मारो, ते थोडे सूर ऐकून त्याला परत पकडतं. कल्पना करा, काकूंसमोर ते असतं तर. पण नव्हतं, म्हणून आम्ही पीसचे चार चार बारचे तुकडे लूपमध्ये टाकले, म्हणजे कुठेही अडलं तरी मागे जायचं ते चार बारच आणि अ‍ॅपलाही सांगायचं, रिस्टार्टचं बटण दाबून. थोडं कटकटीचं आहे पण लाल दिवे गेले आणि काकूंचा धीर परत आला, जो माझ्यासाठी जास्त महत्त्वाचा होता.

लयीसाठी काय केलं ते जरा सविस्तर सांगते. पहिल्यांदा मी वेट मोड बंद केला आणि ठरलेल्या स्पीडवर अ‍ॅप चालवलं, ६० च्या निम्मा स्पीड. रेघ आपली चाललीय, काकू मागे राहिल्या, तिसऱ्या बारला हात मांडीवर. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने टकटक करणारं यंत्र, लावला तर म्हणाल्या टकटक ऐकू येते पण पकडता येत नाही. मग मला सुचलं, खरं तर आधीच सुचायला हवं होतं, की या तीन-चारच्या लयीचे दोन बार म्हणजे सहा मात्रा, म्हणजे दादरा! तबल्याच्या अ‍ॅपवर दादरा लावला, अतिविलंबित, धा धी ना धा ती ना, आणि म्हटलं आता वाजवायचं नाही, नुसतं टाळी देत सूर गुणगुणा. त्यांनी पहिल्याच वेळी अख्खे सोळा बार समेवर आणून ठेवले. मी बघत राहिले! लय गेलेली नव्हतीच, मेट्रोनोमच्या टकटकीला खाली-भरी नसते, सम नसते, त्यामुळे त्यांना धरायला जागाच मिळत नव्हती. पुढचे दोन आठवडे अ‍ॅप बंद, फक्त दादरा आणि उजवा हात. अट एकच, पट्टी चुकली तरी चालेल, सुटली तरी चालेल, पण पुढच्या धा ला हजर व्हायचं. पहिले काही दिवस बरेच सूर सांडले, मग हळूहळू भरत आले.

डावा हात ही तर स्वतंत्रच कथा. पेटीवर डावा हात भात्यावर असतो. वीस वर्षं त्या हाताने हवा भरलीय, सूर एकही वाजवलेला नाही, आणि अ‍ॅपला हे कसं कळणार, ते दोन्ही हातांना सारखंच नवशिकं समजतं. उजवा हात तिसऱ्या धड्याला पोचलेला असताना डावा अजून बालवाडीत, तर दोघांना एकत्र बसवून कसं चालेल. म्हणून डाव्याला वेगळा अभ्यास दिला, आणि इथे मात्र वेट मोडच वापरला, मनापासून वापरला, कारण त्या हाताला आधी पट्ट्यांची ओळख व्हायला हवी होती, लय नंतर. दोन तीन दिवस वेट मोड, पट्ट्या सापडायला लागल्या की लगेच बंद आणि दादरा चालू. दुसरी गोष्ट, आठवड्यातून एकदा मी शेजारी बसून डाव्या हाताचे सूर वाजवायचे आणि काकूंनी उजवा, आणि मी त्यांच्या मागे मागे जायचे, त्या ओढतील तशी. तिसऱ्या चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, "आता कळलं, तू माझी पेटी झालीस." मग आम्ही अदलाबदल केली, मी उजवा आणि त्या डावा, म्हणजे साथ त्यांनी करायची. साथ करायला बसल्यावर त्यांचा डावा हात एकदम सुधारला, बहुतेक साथ करणं हेच त्यांचं खरं घर आहे म्हणून असेल.

ज्या प्रसंगाने मला सगळ्यात जास्त शिकवलं तो सप्टेंबरमधला. मिन्युएट बसत आला होता म्हणून अ‍ॅपमधला सी मेजरचा एक छोटा धडा दिला, मिन्युएटपेक्षा खूप सोपा. काकू त्यात वारंवार एकाच जागी चुकायच्या, एफ च्या जागी एफ शार्प. अ‍ॅप लाल दाखवायचं, त्या दुरुस्त करायच्या, दुसऱ्या दिवशी परत तेच. मिन्युएटमध्ये हीच काळी पट्टी त्यांना एकदाही चुकली नव्हती, ‘की सिग्नेचर’मधली, म्हणजे नोटेशनच्या ओळीच्या सुरुवातीची, ती शार्पची खूण बघायची असते हे मी शिकवायच्या आधीपासून त्या ती बरोबर वाजवत होत्या! मी विचारलं, काकू तुमचा भजनाचा सा कुठला. म्हणाल्या पांढरी पाच. झालं, सगळं उलगडलं. पांढरी पाच म्हणजे जी. जी ला सा धरला की एफ शार्प, म्हणजे काळी तीन, हा शुद्ध नी. मिन्युएटच्या तिसऱ्या बारमध्ये जी सुरावट वर चढते ती त्यांच्या कानाला सरळ मपधनी सां अशी ऐकू येत होती, कान स्वतःच काळी तीन मागायचा. आणि सी च्या धड्यातही त्या नकळत पांढरी पाचलाच सा धरून बसल्या होत्या, मग खालच्या पांढऱ्या पट्टीवर त्यांना कोमल नी लागल्यासारखा वाटायचा आणि बोट आपोआप काळीवर जायचं. मी एवढंच केलं की पांढरी एकचा, म्हणजे सी चा, तानपुरा लावला आणि म्हटलं आता सा इथे आहे, ती पट्टी आता नी नाही, शुद्ध म आहे. एकदा आरोह अवरोह म्हणून घेतला. त्यानंतर ती चूक झालेली नाही. अ‍ॅपने कित्येक वेळा लाल दाखवलं असेल, पण लाल का झालं हे त्याला सांगता येत नाही, कारण काकूंचा सा कुठे आहे हे त्याला कोणी विचारलेलंच नाही. ज्यांना सॉफ्टवेअर बनवता येतं अशा कोणी मराठी मुलामुलींनी हे वाचलं तर माझी मनापासून विनंती आहे, सुरुवातीलाच एक प्रश्न टाका, तुम्ही आधी काय वाजवलंय आणि तुमची पट्टी कुठली.

बाकी ज्या गोष्टी अ‍ॅपला कळत नाहीत त्या पटकन सांगते. बोटं. पट्टी कुठल्या बोटाने दाबली हे वायरमधून येत नाही, काकूंचा अंगठा पेटीच्या सवयीने बाहेरच राहायचा आणि मग चढताना बोटं संपायची, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. दाब. पेटीवर पट्टी हलकी दाबा नाहीतर जोरात, आवाज भात्यावर ठरतो, पियानोवर मात्र बोटावर ठरतो. मिडीत हा जोर १ ते १२७ अशा आकड्यात येत असतो, म्हणजे माहिती अ‍ॅपपर्यंत पोचते, पण आमचं अ‍ॅप तिच्याकडे बघायचं नाही. मी माझ्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करून त्यांना प्रत्येक सुराखालच्या उभ्या रेघा दाखवल्या, डाव्या हाताच्या उंच आणि उजव्याच्या बुटक्या, म्हणजे साथ गाण्यावर चढलेली. ते चित्र बघितल्यावर मला काही समजावावं लागलं नाही. आणि रंगीत पट्ट्या. स्क्रीनवर खाली कीबोर्डचं चित्र असतं, त्यात पुढची पट्टी रंगते, नजर तिथेच जाते आणि वरचं नोटेशन कोणी वाचत नाही. ऑगस्टमध्ये मी त्याच मिन्युएटची कागदावरची प्रिंट समोर ठेवली तेव्हा काकूंना पहिला सूर कुठला तेही सांगता आलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते रंग बंद केले, थोडे दिवस प्रगती मागे गेल्यासारखी वाटली, त्या नाराज पण झाल्या माझ्यावर, पण आता कागद बघून वाजवतात, हळू का होईना.

गेल्या रविवारी आम्ही परत वेळ लावली. १६ बार, दोन्ही हात, दादऱ्याशिवाय, अ‍ॅपशिवाय, ५५ सेकंद. म्हणजे मिनिटाला ५२ च्या आसपास, आणि मुख्य म्हणजे सगळे बीट्स सारखे. दोन सूर चुकले, बाराव्या बारमध्ये डाव्या हाताचा एक सुटला, आणि त्या थांबल्या नाहीत. अ‍ॅपने यावेळी शंभर टक्के दिले नसते. काकूंनी अ‍ॅपची वर्गणी अजून चालू ठेवलीय आणि मीही बंद करा म्हटलं नाही, नवीन पीसचे पहिले दोन तीन दिवस वेट मोड, मग बंद, असं आमचं ठरलंय. आज सकाळी त्यांचा मेसेज होता की सी च्या धड्यात नवव्या बारला डावा हात अडतोय, गुरुवारी येतेस का साथीला.